जुना टर्नटेबल: बेल्टचा घ्यावा की आयडलरचा?

टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. बेल्टच्यात मोटर रबरी पट्ट्याने प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची तबकडी) फिरवते, आयडलरच्यात मोटर आणि प्लॅटरच्या मधलं रबरी चाक ते काम करतं. दुरुस्तीला पहिल्यांदाच हात घालत असाल तर बेल्टचा घ्या. जुना बेल्ट सैल पडतो किंवा वितळून डांबरासारखा पुलीला चिकटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुली लख्ख पुसा, बेल्टच्या वाटेवर दोरा फिरवून लांबी मोजा आणि साधारण 5 टक्के आखूड बेल्ट मागवा.

आयडलरचं काम चिवट. मशीन वर्षानुवर्षं गिअरमध्येच, म्हणजे चाक मोटरच्या दांड्याला टेकलेल्या स्थितीतच, राहिलं की रबरी चाकाला मोटरच्या दांड्याचा खळगा पडतो. मग चाकाच्या दर फेऱ्याला स्पीकरमधून ‘धप्’ येतं. उथळ खळगा चाक फिरवत बारीक पॉलिश पेपरने घासला की जातो, खोल असेल तर नवं रबर चढवावंच लागतं. पण जमलं की प्लॅटर झटक्यात वेग पकडतो, ते सुख बेल्टमध्ये नाही!

बेअरिंगमधलं घट्ट झालेलं तेल मात्र दोन्हींत काढायचंच.