दाखवायचं की सांगायचं? कथेत कुठे काय निवडावं

एकच मजकूर दोन तऱ्हांनी लिहून पाहू.

"सुनेनं न विचारता घर रंगवायला काढलं, याचा मालतीबाईंना राग आला होता."

"सुनेनं चहाचा कप पुढे ठेवला. मालतीबाईंनी तो उचलून रंगाऱ्याला दिला. 'घ्या तुम्ही. या घरात काय चाललंय ते आधी तुम्हालाच कळतं.'"

पहिलं सांगणं, दुसरं दाखवणं. पहिल्यात कारणासकट सगळं एका ओळीत कळलं. दुसऱ्यात राग हा शब्दच नाही, पण तो कुणावर आहे आणि या बाई तो कसा काढतात, हे वाचकानं स्वतः ताडलं. ताडायला मिळालं की वाचक गुंततो. मात्र त्यापुढे "त्यांना फार अपमान वाटला होता" असं जोडलंत, तर त्याच्या हातातलं काम काढून घेतलंत.

"सांगू नका, दाखवा" हा आग्रह इंग्रज समीक्षक पर्सी लबक यांनी १९२१ साली 'द क्राफ्ट ऑफ फिक्शन'मध्ये ठामपणे मांडला. अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन'मध्ये त्याला उत्तर दिलं: काय दाखवायचं हे निवडतो लेखकच, मग त्याचा आवाज पुरता लपणार कसा? मला बूथ यांचं म्हणणं पटतं. सांगणं हा दोष नाही.

प्रश्न जागेचा आहे. ज्या क्षणी नातं फिरतं, निर्णय होतो, खोटं पकडलं जातं, तिथे प्रसंग उभा करायलाच हवा. तीस पानं दोन भावांमधला ताण वाढवायचा आणि मग "त्या भांडणानंतर ते बोलेनासे झाले" एवढंच लिहायचं, ही वाचकाची फसवणूक आहे. उलट "पुढची चार वर्षं तो नाशकात मिळेल ती कामं करत राहिला" हे एक वाक्य पुरतं. तिथे खोलीभाडं आणि डबेवाली दाखवत बसलात तर कथा रेंगाळते.

निवेदक 'मी' असेल तर हिशेब बदलतो. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' कादंबरीत (१९६३) निवेदक पांडुरंग सांगवीकर अखंड सांगत असतो, पण त्या सांगण्याच्या तऱ्हेतूनच तो आपल्याला दिसतो. तुमच्या निवेदकाला अशी स्वतःची बोली असेल, तर त्याला मोकळेपणी सांगू द्या.

एका गोष्टीपासून मात्र जपा. "डोळे पाणावले", "हात थरथरले", "ओठ घट्ट मिटले" हे दाखवणं वाटतं, पण कुठल्याही पात्राला चिकटवता येतं, म्हणजे ते सांगणंच. यापेक्षा "ती दुखावली" हे साधं वाक्य प्रामाणिक.

दिवाळी अंकासाठी छोटी कथा लिहीत असाल, तर दोन-तीन प्रसंग पूर्ण उभे करा आणि मधला काळ निवेदनात उरका. कादंबरीत प्रसंगांना जागा भरपूर असते, पण तिथेही वर्षं ओलांडायला निवेदनच लागतं.