ऑस्टिन की लॉस एंजेलिस? प्रश्न पिस्तुलाचा

मावसबहिणीच्या मुलाला अमेरिकेत दोन्हीकडच्या विद्यापीठांत प्रवेश मिळालाय: टेक्सासमधलं ऑस्टिन आणि कॅलिफोर्नियातलं लॉस एंजेलिस. फी, रँकिंग सगळं बघून झालं, आणि ताई मात्र अडलीय एकाच गोष्टीवर: टेक्सासमध्ये म्हणे वर्गात पिस्तूल चालतं!

चालतं, पण सरसकट नाही. १ ऑगस्ट २०१६पासून तिथल्या सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला पिस्तूल लपवून बाळगता येतं. कायदा आला तेव्हा परवान्याचं वय साधारण २१ होतं, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाची बहुतेक पोरं तेव्हा बाद. पिस्तूल दिसता कामा नये. राइससारख्या खासगी विद्यापीठांनी तर नकारच दिला. (याच तारखेला, १९६६ साली, ऑस्टिनच्याच टॉवरवरून गोळीबार झाला होता. योगायोग म्हणायचा, पण अंगावर येतो.)

कॅलिफोर्नियात उलट. २०१५च्या कायद्याने परवानाधारकांची सवलतही काढली.

सुरक्षितता? इथे दोन्ही बाजूंचे दावे मला पटत नाहीत. बंदी असूनही जून २०१६मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅम्पसवर प्राध्यापकाचा गोळी घालून खून झाला. मुभा असूनही मे २०१७मध्ये ऑस्टिनला चाकूहल्ला झालाच, आणि हल्लेखोराला पकडलं विद्यापीठाच्या पोलिसांनी.

रोजच्या वावरात फरक पडतो तो मनावर. मार्कांवरून वाद घालणाऱ्याच्या सॅकमध्ये काय असेल, हा विचार शिक्षकांना छळतो. ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका त्यावरून कोर्टात गेल्या, पण हरल्या.

शेजारच्या बाकावर कोण काय घेऊन बसलंय या विचाराने ज्याचं अभ्यासात लक्ष लागणार नाही, त्याने कॅलिफोर्निया घ्यावं. ज्याला विषय आणि खर्च महत्त्वाचे, त्याने ऑस्टिन खुशाल घ्यावं. आमचा भाचा दुसऱ्या गटातला, ताई पहिल्या.