पीएमपीचा ३५ तासांचा ऑनलाइन वर्ग: परीक्षेला बरा, कामाला उत्तम

पैसे कंपनीने भरले, हे आधीच सांगते. माझ्या खिशातून गेले असते तर खालचा मॉक टेस्टचा परिच्छेद याहून तिखट झाला असता.

पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरांसाठीचं एक सर्टिफिकेट. त्याच्या परीक्षेचा अर्ज भरायचा तर अनुभवासोबत प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ३५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. ही अट भागवून देणारे वर्ग आज पैशाला पासरी आहेत. त्यातलाच हा एक. शनिवार-रविवार थेट ऑनलाइन, आणि शिकवणारे सर आधी बांधकामात, मग सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट चालवलेले. तक्रारी पुढे येणार आहेत, म्हणून नाव घेत नाही. सर्टिफिकेट मिळेल तेव्हा मिळेल. सोमवारी ऑफिसात गेल्यावर माझा पाठपुरावा सुधारतो का, एवढंच मला बघायचं होतं.

सुधारला, आणि तो क्रिटिकल पाथच्या सत्रामुळे. क्रिटिकल पाथ म्हणजे एकामागून एक होणाऱ्या कामांची सगळ्यात लांब वाट, प्रोजेक्ट कधी संपणार हे तीच ठरवते. ही पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांमधल्या लोकांनी बसवली. आता सॉफ्टवेअर बटण दाबलं की लाल रेघ काढून देतं, त्यामुळे ती रेघ तिथेच का आली हे कुणी विचारत नाही. सरांनी सगळ्यांना सॉफ्टवेअर बंद करून कागद घ्यायला लावला. एकीकडे फॉर्मची मंजुरी ३ दिवस, स्क्रीन बनवणं ८, टेस्टिंग ५. दुसरीकडे सर्व्हर मागवणं ४, बसवणं ५, जुना डेटा चढवणं ३. दोन्ही संपल्याशिवाय गो-लाइव्ह नाही, म्हणजे नवी सिस्टीम वापरात येत नाही. मग त्यांनी बातमी दिली: सर्व्हर ५ दिवस उशिरा येणार, पुरवठादाराचे माफीचे लांबलचक मेल सुरू आहेत, आणि मंजुरी देणारे साहेब २ दिवस रजेवर, त्यांच्याकडून काहीच नाही. फोन कुणाला लावाल?

बहुतेकांचं उत्तर, सर्व्हरवाल्याला. आता बेरीज करा. पहिली वाट १६ दिवसांची, दुसरी १२ची, म्हणजे सर्व्हरच्या वाटेवर ४ दिवस सैल आहेत. ५ दिवसांचा तो गाजावाजा झालेला उशीर प्रोजेक्टला एकच दिवस मागे ढकलतो. साहेबांची दोन दिवसांची रजा पूर्ण दोन दिवस खाते. आमच्या स्टेटस मीटिंगमध्ये वेळ कुणाच्या नावावर जातो ते आठवून मला हसूच आलं. आता दर सोमवारी वही उघडते, सैल दिवस नव्याने मांडते आणि फोनची यादी त्यावरून काढते. वाट बदलतेही, त्याच उदाहरणात साहेब रजेवर नसते आणि फक्त सर्व्हर उशिरा आला असता तर १७ दिवसांची, म्हणजे सगळ्यात लांब वाट त्याचीच झाली असती, म्हणून एकदा मांडून भागत नाही.

रिस्क रजिस्टरवरचा, म्हणजे प्रोजेक्टमध्ये काय बिघडू शकतं याच्या यादीवरचा तासही वसूल. "व्हेंडर उशीर करू शकतो" असं कुणी लिहिलं की सर ते वाचून दाखवत आणि विचारत, कशामुळे, आणि झालाच तर आपलं नक्की काय अडेल? कारण, घटना, परिणाम, तिन्ही एका वाक्यात हवेत. जबाबदार कोण या रकान्यात "टीम" लिहिलेलं त्यांनी एकदाही चालवून घेतलं नाही. एकाच माणसाचं नाव हवं. (आमच्या जुन्या शीटमध्ये त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत "टीम"च आहे.)

अर्न्ड व्हॅल्यूची, म्हणजे खर्चाच्या मानाने काम किती झालं ते मोजायची सूत्रं पाठ करून घेतली, ठीक. १०० खर्चून ८०चं काम झालं तर निर्देशांक ०.८, हे कळायला दोन तास लागत नाहीत.

आता मॉक टेस्ट. २०२१ साली परीक्षा बदलली: २३० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले साधारण निम्मे अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल करत काम) किंवा हायब्रिड (जुन्या आणि अजाइलची सरमिसळ) पद्धतीवरचे, आणि ४२ टक्के भार माणसं सांभाळण्यावर. या वर्गाच्या मॉक टेस्ट मात्र अजून २०० प्रश्नांच्या आणि ४ तासांच्या! अमुक प्रक्रियेत काय आत जातं आणि काय बाहेर पडतं, असले घोकंपट्टीचे प्रश्न ढिगाने. मदत कक्षाला विचारलं तर "कळवतो" असं उत्तर आलं आणि पुढे सगळी सामसूम. ज्या भागाला त्या बदललेल्या परीक्षेत ४२ टक्के वजन, तो भाग, म्हणजे ऐन वेळी स्कोप, म्हणजे ठरलेलं काम, वाढवणाऱ्या क्लायंटशी बोलणं, टीममधलं भांडण सोडवणं, हे शेवटच्या सत्रात स्लाइड पळवत उरकलं. सरांकडे अनुभवाचा साठा होता. वेळ सूत्रांनी खाल्ला.

पाचपैकी साडेतीन तारे, आणि त्यातले तीन सरांचे. नुसती परीक्षा काढायची असेल तर प्रश्नसंच दुसरीकडून घ्या. दोन-तीन प्रोजेक्ट हाताखालून गेले असतील आणि सगळा दिवस फॉलोअपमध्ये जात असेल, तर जरूर बसा. अगदी नवख्याला मात्र आत्ता सुचवणार नाही, कारण सरांचे प्रश्न स्वतःच्या चालू प्रोजेक्टला लावून बघितले तरच पोचतात. आणि पैसे भरण्याआधी रेकॉर्डिंग किती महिने बघता येतं ते लेखी घ्या. माझं परीक्षेच्या तारखेआधीच बंद झालं.