पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं?

जुनी मोटरसायकल गरम झाली की मधूनच मिसफायर करते, म्हणून पॉइंटच (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क) काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचा विचार करताय? आधी कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा कपॅसिटर) बदलून पाहा. तापल्यावर दगा देणारा बहुतेकदा तोच असतो, नाहीतर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी). सैल अर्थिंगची वायर तर दोन्ही प्रकारांना सारखीच छळते.

खर्चात पॉइंट स्वस्त, पण मेहनत कायमची: पॉइंटमधला गॅप (बऱ्याच गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिमी) झिजेबरोबर बदलतो, टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं. मात्र बिघाड डोळ्यांना दिसतो आणि रस्त्याकडेला फीलर गेजवर (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांवर) काम भागतं. इलेक्ट्रॉनिकचं टायमिंग स्थिर राहतं. पण बॅटरीचं व्होल्टेज पडलं की तेही अडखळतं, आणि मॉड्यूल (त्यातला इलेक्ट्रॉनिक भाग) गेलं तर गाडी ढकलायचीच.

रोज चालवणाऱ्यानं, चार्जिंग ठणठणीत असेल तर, इलेक्ट्रॉनिक घ्यावं. एकट्यानं लांब जाणाऱ्यानं आणि गाडीचं मूळ रूप जपणाऱ्यानं पॉइंटच ठेवावेत.