जुनी तहसील कचेरी: चुन्याची दुरुस्ती, सिमेंटची डागडुजी की नवी इमारत?

विदर्भातील अनेक तालुक्यांच्या गावी बाजारचौकाला लागून इंग्रजी अमदानीतील कचेरी उभी असते. उंच जोते, दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, पुढे कमानींची पडवी, सागवानी तुळया आणि वर कौले. छप्पर गळू लागले, भिंतींना लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला की ती पाडावी की राखावी असा प्रश्न निघतो. राखायचे ठरले तरी चुन्याने की सिमेंटने हे ठरवावे लागते, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे.

जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. पायातून चढलेली ओल चुन्याच्या दरजांतून (विटा-दगडांमधील सांध्यांतून) आणि गिलाव्यातून बाहेर पडते व उन्हाळ्यात वाळून जाते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ही वाट बंद होते, ओल आतल्या आत वर चढते आणि तिच्यासोबत आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात. माझ्या पाहण्यातील एका कचेरीत अभिलेख कक्षाच्या विटांच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंट केले होते. दोन पावसाळ्यांनंतर ओल त्या पट्ट्याच्या वर, छातीच्या उंचीवर दिसू लागली. खाली बोटाने ठोकले तर पोकळ आवाज येई, आणि पोपडा काढल्यावर मागच्या विटेचा भुगा हातावर आला. त्या भिंतीला लागून ठेवलेली दप्तरे दमट होऊन बुरसली होती. स्वस्त आणि झटपट म्हणून निवडला जाणारा हा पर्याय मी तिन्हींमध्ये शेवटचा धरतो.

आपली काळी जमीन हेही चुन्याच्या बाजूचे मोठे कारण आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या बांधकामाला थोडेफार हलवत राहते. चुना सिमेंटपेक्षा मऊ असल्याने ही हालचाल सोसतो, आणि बारीक चिरा पडल्या तरी विरघळलेला चुना पुन्हा साकळून त्या काही अंशी भरून निघतात. सिमेंटची दरज मात्र कडक राहते आणि ताण शेजारच्या विटेवर किंवा दगडावर जातो. नवी इमारत बांधतानाही काळ्या मातीतून खाली मुरूम लागेपर्यंत किंवा खास पाइल (जमिनीत खोल नेलेले खांब) घेऊन पाया न्यावा लागतो, आणि हा खर्च प्राथमिक अंदाजपत्रकात अनेकदा कमी धरला जातो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा जुन्या-नव्या इमारतीतला फरक अंगाला कळतो. जाड भिंत दिवसभराची उष्णता उशिरा आत सोडते, उंच छताखालची गरम हवा झरोक्यांतून निघून जाते आणि पडवीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही. दहा फूट उंचीच्या स्लॅबच्या खोलीत दुपारनंतर पंख्याची हवासुद्धा गरम लागते, म्हणून कूलर आणि वीजबिल नव्या इमारतीच्या खर्चातच धरावे.

नव्या इमारतीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. वर मजले चढवता येतात, संगणक, तारा आणि शौचालये नीट बसतात, आणि अपंग व वृद्ध नागरिकांसाठी उतार व लिफ्ट सुरुवातीपासून आखता येते. जुन्या जोत्याला उतार जोडता येतो, पण जागेची टंचाई त्याने सुटत नाही. म्हणून आवारात जागा असेल तर मागे छोटी नवी इमारत बांधून दप्तरे तिकडे न्यावीत आणि लोकांची ये-जा जुन्या कचेरीतच ठेवावी, असे मी सुचवेन.

लोणारसारख्या गावी कायदाही पाहावा लागतो. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. दुरुस्ती मात्र रीतसर परवानगीने होऊ शकते. १०० मीटरच्या आतली कचेरी एकदा पाडली तर तिथे दुसरी उभी राहणार नाही.

चुन्याचे काम सावकाश होते, त्याला जाणकार गवंडी लागतो आणि चुना आधीच विरवून ठेवावा लागतो. अंदाजपत्रकात ‘चुना व सुरखी (विटांची भुकटी), सिमेंट न मिसळता’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर कामावर गुपचूप सिमेंट मिसळले जाते.

निर्णयापूर्वी ओळंबा लावून भिंती तपासाव्यात आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोके टोच्याने टोचून पाहावीत. फक्त टोकांना उधई लागली असेल तर तेवढाच भाग कापून नवे सागवान जोडता येते. भिंतीच बाहेर झुकल्या असतील आणि आरपार तडे असतील, तरच अभियंत्याच्या लेखी अहवालानंतर पाडण्याचा विचार करावा.