स्टील फ्रेमचं घर: दीड वर्ष आणि दोन पावसाळ्यांनंतर

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला आम्ही चिपळूणजवळच्या आमच्या गावी नव्या घरात राहायला आलो. दोन पावसाळे काढले, आता सविस्तर लिहिते.

घर लाइट गेज स्टील फ्रेमचं, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या स्क्रूने जोडून केलेल्या सांगाड्याचं. कॉम्प्युटरवर नकाशा पक्का झाला की त्यावरूनच मशीन चालतं. जस्ताचा थर दिलेला पातळ पत्रा वाकवून ते पट्ट्या बनवतं, मापात कापतं, स्क्रूची आणि वायरिंगची भोकं पाडतं, प्रत्येक तुकड्यावर नंबर छापतं. आगरताळ्याच्या लाइट हाउस प्रकल्पात, म्हणजे नव्या बांधकाम पद्धती दाखवणाऱ्या सरकारी गृहप्रकल्पातही, लाइट गेज स्टील वापरलं होतं. त्याची पायाभरणी १ जानेवारी २०२१ ची.

आमच्या घराशी ट्रक येत नाही, पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढावी लागते. चिरा (जांभा दगड) वाहून आणायची मजुरीच परवडेना. इथे दोन माणसं एकेक फ्रेम उचलून घेऊन आली. पाच दिवसांत सांगाडा उभा राहिला.

अडलं ते जोत्यावर. गवंड्याचा हात सुतात चालतो, एक सूत म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. जोत्याचे दोन्ही कर्ण मापले तर २२ मिलिमीटरचा फरक! एका कोपऱ्यात फ्रेम जोत्याबाहेर लोंबायला लागली. तिथे जोतं वाढवून घेतलं, खालच्या पट्टीखाली पत्र्याच्या चकत्या घालून ग्राउट (फटी भरायचं पातळ सिमेंट मिश्रण) भरलं, दोन दिवस गेले. यात गवंड्याला दोष देणार नाही. चिऱ्याच्या भिंतीत एवढा फरक गिलाव्यात जिरतो. माप किती काटेकोर हवं हे ठेकेदाराने त्याला आधी सांगायला हवं होतं.

दुसरी चूक आमची. फाइल मशीनला गेल्यावर आईने ओट्याची बाजू बदलायला सांगितली. वायरिंगची भोकं जुन्याच भिंतीत पडली, मिक्सरची वायर आजही उघड्या पट्टीतून येते. तेव्हा अंगणात खडूने खोल्या आखा, घरातल्या बायकांना त्यात उभं करा, मगच नकाशावर सही करा.

पहिल्या पावसात नैऋत्येच्या खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपलं. सांध्यावर पत्र्याची पन्हळ लावून सीलंट नव्याने भरलं, यंदा भिंत कोरडी राहिली. भिंतीत रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी तंतूंची लोकर) असल्याने घर तापत नाही, शेजारच्या स्लॅबच्या घरापेक्षा दुपारी बरं वाटतं.

खर्च मात्र चिऱ्याच्या अंदाजापेक्षा थोडा जास्तच झाला. आमचे वाचले ते महिने, आणि वडिलांना नव्या घरात गणपती बसवता आला.

भिंतीवर जड फळी लावायची तर आधी लोहचुंबक फिरवून पाहते. चिकटेल तिथे आत स्टील, तिथेच स्क्रू मारायचा. भिंतीच्या नुसत्या बोर्डावर फळी टिकत नाही.