मॅगी की जूडी: आधी कुणाला पाहायचं?

हॅरी पॉटरमधल्या मॅकगोनागल बाई आणि जेम्स बाँडला ताब्यात ठेवणारी 'एम'. बहुतेकांची मॅगी स्मिथ आणि जूडी डेंच या ब्रिटिश नट्यांशी ओळख इथूनच होते. आता पुढचं काही पाहायचंय, तर सुरुवात कुणापासून करू, असं विचारणारे अधूनमधून भेटतात. "दोघीही थोरच" हे उत्तर खरं आहे, पण रात्रीची जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून सरळ बाजू घेऊन सांगते: आधी मॅगी.

कारण वयाचं नाही. जूडी ९ डिसेंबर १९३४ची, यॉर्कची. मॅगी त्याच महिन्यातल्या २८ तारखेची, जन्म इलफर्डचा, वाढली ऑक्सफर्डला. अवघ्या १९ दिवसांची थोरली-धाकटी. फरक आहे तो तालमीत. जूडीला आधी नेपथ्यकार व्हायचं होतं. शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, 'किंग लिअर'चं नेपथ्य पाहिलं आणि हे आपल्याला कधी सुचलं नसतं, असं वाटून तिने तो नाद सोडला. १९५७ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक थिएटरच्या 'हॅम्लेट'मध्ये ती थेट ऑफेलिया म्हणून उभी राहिली. मॅगीनेही १९५२ मध्ये ऑक्सफर्डला शेक्सपिअरची व्हायोला केली, पण नंतर ती वळली गाणी-नकलांच्या हलक्याफुलक्या कार्यक्रमांकडे. १९५६ मध्ये त्यासाठी ब्रॉडवेवरही जाऊन आली. हशा कुठे येणार, तो किती वेळ टिकणार आणि ओसरायच्या आत पुढचं वाक्य कसं टाकायचं, हे तिचं शिक्षण तिथे झालं.

त्यामुळे मॅगीचं कसब डोळ्यांना दिसतं. मनगट कसं वळलं, मान कशी ताठली, एखादा शब्द नाकातून कसा ओढला, हे नवख्यालाही टिपता येतं. जूडीचं कसब दिसतच नाही. ती काही करत नाहीये असं वाटत राहतं, आणि दृश्य संपल्यावर घशात काहीतरी अडकलेलं असतं. ते कळायला डोळा थोडा तयार लागतो. म्हणून मॅगी आधी.

पण कुठली मॅगी? 'डाउनटन अ‍ॅबी' नको. त्यातल्या म्हाताऱ्या काउंटेसचे टोमणे खमंग आहेत, पण ती मॅगीची डाव्या हाताची कामगिरी. आपण ती मालिका पाहिलेली नाही, असं तिने स्वतःच सांगून टाकलं होतं. सुरुवात करावी 'बेड अमंग द लेंटिल्स'पासून. १९८८ची बीबीसीची नाटिका, लेखक अ‍ॅलन बेनेट. कॅमेऱ्यासमोर एकच बाई आणि तिचं बोलणं. सुझन ही पाद्र्याची बायको, देवावर फारसा विश्वास नसलेली आणि चोरून पिणारी. गावातल्या दुकानात उधारी थकल्यावर ती लीड्समधल्या रमेश नावाच्या भारतीय किराणावाल्याकडे जायला लागते आणि दुकानामागच्या खोलीत, डाळींच्या पोत्यांमध्ये, त्यांचं जमतं. दारूचा विषय तिच्यापाशी काढतो तोही हा रमेशच; नवऱ्याला पत्ताच नसतो. ती दारू सोडते आणि श्रेय मात्र नवरा आणि त्याचं चर्च घेऊन जातं. हे सगळं मॅगी जवळजवळ न हलता, सपाट सुरात सांगते. हातवारे नाहीत, टाळ्या घेणारं वाक्य नाही. आपली सगळी ठेवणीतली हत्यारं तिने खाली ठेवलेली आहेत. विनोद तसाच येत राहतो, फक्त हसल्यावर अपराधी वाटतं.

हे पाहून झालं की जूडीकडे या, आणि तीही 'एम' नको. १९७६ मध्ये ट्रेव्हर नन यांनी स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस' या पत्र्याच्या शेडमध्ये 'मॅकबेथ' बसवलं. इअन मॅकेलन मॅकबेथ, जूडी लेडी मॅकबेथ. नेपथ्य असं नाहीच. काळोख आणि माणसं. नंतर ते टीव्हीसाठी चित्रित केलं गेलं, ही आपली मेहेरबानी. कारण जूडीचं खरं कर्तृत्व रंगमंचावरचं आणि त्यातलं बहुतेक त्या-त्या रात्रीबरोबर विरून गेलेलं. झोपेत चालण्याच्या प्रसंगात ती हातावरचे डाग घासते आणि मग तिच्या तोंडून एक लांबलचक विव्हळणं निघतं. उसासा म्हणून सुरू होतं, कुठे जाऊन थांबेल याचा अंदाजच येत नाही. कानाला हेडफोन लावून पाहा.

दोघींना शेजारी-शेजारी ठेवून पाहायचं असेल तर १९८५चा 'अ रूम विथ अ व्ह्यू' घ्या. मॅगी त्यात नायिकेची कुढी, सोवळी चुलतबहीण शार्लट आणि जूडी कादंबऱ्या लिहिणारी आगाऊ मिस लॅव्हिश. फ्लॉरेन्सच्या गल्ल्यांतून लॅव्हिश तरातरा पुढे आणि शार्लट जीव मुठीत धरून मागे. गंमत म्हणजे इथे मी वर केलेली वाटणी उलटीपालटी होते: जूडी मोठमोठ्याने रंग उधळते आणि मॅगी आतल्या आत आवळत जाते. माझा सिद्धांत या एका सिनेमापुरता लंगडा पडतो, पडू दे.

ऑस्करवरून ठरवू नका. मॅगीला दोन: १९६९च्या 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी'साठी एक, आणि 'कॅलिफोर्निया सूट'मध्ये ऑस्कर हुकलेल्या नटीचं काम केल्याबद्दल दुसरं! जूडीला नामांकनं आठ, पुरस्कार एकच, तोही 'शेक्सपिअर इन लव्ह'मधल्या जेमतेम आठेक मिनिटांच्या राणी एलिझाबेथसाठी.

भारताचा धागा शोधत असाल तर 'बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल'मध्ये दोघी जयपूरला येतात. सिनेमा गोड आहे, जयपूर मात्र पर्यटन खात्याच्या कॅलेंडरमधलं. 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल'मध्ये जूडी आपल्या मुन्शीकडून उर्दू शिकणारी राणी व्हिक्टोरिया होते. काम सुंदर, पण साम्राज्याला साखरेत घोळवलेलं पाहून आपल्याला ठसका लागतोच. व्हिक्टोरियाच पाहायची तर तिचा १९९७चा 'मिसेस ब्राउन' पाहा. आणि आमिर खानच्या 'मंगल पांडे'मधला कॅप्टन गॉर्डन आठवतो? तो टोबी स्टीफन्स म्हणजे मॅगीचा धाकटा मुलगा.

१९६५चा 'ऑथेल्लो' मात्र पहिल्या महिन्यात नको. मॅगीची डेस्डेमोना चोख आहे, पण गोरे नट लॉरेन्स ऑलिव्हिए तोंडाला काळं फासून ऑथेल्लो झालेत आणि आज ते बघवत नाही. हे नाटक लंडनच्या नॅशनल थिएटरचं; त्याच्या एका प्रयोगात त्यांनी तिला खरोखरची थप्पड मारली होती. नॅशनल थिएटरमध्ये आपल्याला तारे दिसले ते तेवढेच, असं ती पुढे सांगायची.

ते ती सांगते 'नथिंग लाइक अ डेम' या २०१८च्या माहितीपटात. जोन प्लोराइट यांच्या घरी चार म्हाताऱ्या नट्या गप्पा मारत बसतात, चौथ्या आयलीन अ‍ॅटकिन्स. मॅगी २७ सप्टेंबर २०२४ला गेली, जूडीची दृष्टी इतकी अधू झाली की संवाद कुणीतरी वाचून दाखवावे लागतात; तेव्हा दोघींना रंगमंचावर पाहण्याचा प्रश्न आता उरला नाही. हा माहितीपट शेवटी ठेवा, आधीचं पाहिलं असेल तर जास्त हसाल. त्यात जूडीला गांधीलमाशी चावल्याचा किस्सा आहे. मदतीला आलेला तरुण तिला लहान मुलाशी बोलावं तसं नाव विचारतो, मग घरी तुमची काळजी घ्यायला कुणी आहे का म्हणून विचारतो. त्यावर ती आधी एक सणसणीत शिवी हासडते आणि मग त्याला ऐकवते की गॅरिक थिएटरला आठ आठवडे 'द विंटर्स टेल'चे प्रयोग करून मी नुकतीच मोकळी झालेय.